आईवडिलांनीच छळलं असेल तर क्षमेची सक्ती कशासाठी? (श्राद्ध, नामस्मरण आणि आपण)

पैलतीर

नमस्कार. हा धागा 'आरोग्य'मध्ये न काढता मुद्दाम 'अध्यात्म' विभागात काढते आहे. मी काही वर्षांपासून एका समुपदेशक बाईंकडे जाते आणि त्याचा मला फार उपयोग झाला आहे. पण काही प्रश्न तिथे संपत नाहीत, ते देवाशीच येऊन अडतात. म्हणून इथे.

वडील शाळामास्तर होते. गावात मोठा मान. घरात मात्र आईला, मला आणि भावाला मारायचे. कशासाठी, याला काही धरबंद नव्हता. आमटीत मीठ जास्त, पेपरात एक गुण कमी, दार उघडायला उशीर, काहीही पुरायचं. मारून झालं की हातपाय धुऊन देवघरात जायचे आणि शांत आवाजात स्तोत्रं म्हणायचे. आम्हालाही डोळे पुसून शेजारी बसायला लागायचं. उच्चार चुकला तर पुन्हा. त्यामुळे माझा देव आणि माझी भीती लहानपणापासून एकाच खोलीत राहिली. आज चाळिशी ओलांडली तरी उदबत्तीच्या वासानं पोटात गोळा येतो.

आणि तरीही मला देव हवा आहे. आईची आई पहाटे ओव्या म्हणायची, तो आवाज मला वडिलांच्या स्तोत्रांपेक्षा खोल जाऊन बसलाय. तो मी सोडणार नाही.

वडील गेल्या वर्षी वारले. वर्षश्राद्ध भावानं केलं. आता पितृपक्षात तिथीला सगळ्यांनी गावी जमायचं ठरतंय. काका म्हणतात, गेलेल्या माणसाशी कसलं वैर धरतेस, माफ कर आणि मोकळी हो. आमच्या सत्संगातल्या एक बाई म्हणाल्या, क्षमा केली नाहीस तर साधना फळणारच नाही. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. होत नाही. तोंडानं म्हणते 'माफ केलं' आणि त्या रात्री झोप लागत नाही.

क्षमा केल्याशिवाय या वाटेवर पाऊलच टाकता येत नाही का? ज्या माणसानं रोज पूजा करून आम्हाला मारलं, त्याच्याकडून आलेल्या पूजेचं मी काय करू? ज्यांनी घरातच सोसलं आहे आणि तरी श्रद्धा टिकवली किंवा नव्यानं मिळवली, त्यांनी कृपया लिहा. फक्त 'त्यांचीही काही बाजू असेल' एवढं लिहू नका. आयुष्यभर तीच बाजू ऐकत आले आहे.

मोगरा

पैलतीर, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आधी मनापासून आभार.

आमच्याकडे मारणारी आई होती. वडिलांबद्दल निदान कुणी तरी 'तापट होते हो' म्हणून कबूल करतं. आईबद्दल तोंड उघडायची सोय नाही. प्रत्येक कीर्तनात, प्रत्येक हळदीकुंकवाला आईची थोरवी. मी खाली मान घालून बसते. देवीला 'आई' म्हणणं मला अजून जमत नाही. मी विठोबाकडे गेले ते त्यामुळेच, असं आता वाटतं. पण विठोबालाही सगळे 'माउली' म्हणतात! मी 'पांडुरंगा' म्हणते. एवढी मुभा त्यानं मला दिली आहे असं मी धरून चालते.

उंबरठा

मी इथल्या जुन्या लोकांपैकी. तुमचं दुःख खोटं नाही, पण मला वेगळं वाटतं ते लिहिते.

माझ्या सासरच्यांनी मला फार छळलं. नामस्मरणाला लागले आणि बऱ्याच काळानं एके दिवशी लक्षात आलं की मनात त्यांच्याविषयी काही उरलेलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं आणि मला त्यात शांती मिळाली, खरोखर मिळाली. आईबाप तर जन्मदाते. 'मातृदेवो भव, पितृदेवो भव' हे आपण लहानपणापासून म्हणतो. जे भोगलं ते प्रारब्धाचं होतं असं मानलं की ओझं हलकं होतं. श्राद्ध टाळू नका. ते गेलेल्यांसाठी असतं तसं आपल्यासाठीही असतं.

सह्यवारा

उंबरठाताई, तुम्हाला शांती मिळाली याचा आनंद आहे. पण 'मातृदेवो भव' तैत्तिरीय उपनिषदात ज्या उपदेशात येतं, त्यात त्याच्या पुढचीच वाक्यं आपण कधी म्हणत नाही. गुरुकुलातून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य तिथे सांगतात: 'यान्यनवद्यानि कर्माणि, तानि सेवितव्यानि, नो इतराणि. यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि.' जी कर्मं निर्दोष असतील तीच आचर. आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं घेऊ नकोस. आईवडिलांना आणि आचार्यांना देव मान असं सांगणारा माणूस त्याच दमात म्हणतो की आमचं वाईट ते टाकून दे. शाळेच्या भिंतीवर मात्र पहिलीच ओळ रंगवली जाते.

आणि प्रारब्धाबद्दल हात जोडून विनंती. स्वतःच्या दुःखाला कुणी प्रारब्ध म्हणावं, तो त्याचा अधिकार. पाच वर्षांच्या मुलीला बसलेल्या माराला दुसऱ्यानं प्रारब्ध म्हणू नये. त्या शब्दानं मारणारा सुटतो आणि मार खाणारी गुन्हेगार ठरते.

माळकरी

राम कृष्ण हरी, ताई. मी शेतकरी माणूस, घरात वारी तीन पिढ्यांची. शिक्षण बेताचं, पण गाथा वाचतो. काकांनी जे सांगितलं ते ऐकून राहवलं नाही.

तुकोबांचा एक अभंग बघा.

'नारायणीं जेणें घडे अंतराय । होत बाप माय वर्जावीं तीं ॥'

नारायण आणि आपण यांच्यामध्ये जो येतो तो बाप असो की माय, त्याला सोडावं. पुढे दाखले देतात, 'प्रल्हादें जनक बिभीषणें बंधु । राज्य माता निंदु भरतें केली ॥' म्हणजे प्रल्हादानं बाप सोडला, बिभीषणानं भाऊ सोडला, भरतानं राज्य आणि आई दोन्ही नाकारली. तुम्ही म्हणालात, देव आणि भीती एकाच खोलीत राहिली. ताई, अंतराय म्हणतात तो हाच की. तुमचे वडील खुद्द देवघरात तुमच्या आणि देवाच्या मधे बसले. तुम्ही दूर झालात यात पाप कुठलं? तुकोबांनी त्याला धर्म म्हटलंय.

आता क्षमेचं. प्रल्हादाची कथा आपण होळीपुरती ऐकतो आणि नरसिंह खांबातून निघाला की उठून जातो. भागवताच्या सातव्या स्कंधात पुढे आणखी आहे. हिरण्यकशिपूचा वध झाला, देव शांत झाले, 'वर माग' म्हणाले, तेव्हा प्रल्हादानं बापासाठी मागितलं की त्याचं पाप धुतलं जावं. नरसिंहानं ते दिलं आणि वर बापाची उत्तरक्रिया करायला सांगितली. काका याच गोष्टीचा आधार घेतील. पण क्रम बघा. पोर विषातून, आगीतून, कड्यावरून जात होतं तेव्हा नारदानं त्याला येऊन 'बापाला माफ कर' असं सांगितलं नाही. देवानंही सांगितलं नाही. आधी देव धावून आला, अन्याय थांबला, पोराला मांडीजवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला. त्याच्यानंतर प्रल्हादाच्या तोंडून जे आलं ते त्याचं त्याचं होतं. कुणी काढून घेतलं नव्हतं. तुमच्या जिवाच्या डोक्यावर अजून हात फिरायचा असेल तर क्षमेची घाई कुणी करू नये, देवानंसुद्धा केली नाही.

तिथीला जायचं का नाही, हे मी सांगणार नाही. जाणारा आणि न जाणारा दोघंही माळेला चालतात.

पैलतीर

माळकरी दादा, हा अभंग मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. वडिलांकडे गाथा होती. त्यांनी आम्हाला तो कधी वाचून दाखवला नसणार हे उघड आहे.

उंबरठाताई, तुमच्यावर रागावलेली नाही. फक्त एक फरक जाणवतो. तुम्ही सासरी गेलात तेव्हा मोठ्या होतात, माहेरची माणसं पाठीशी होती का ते माहीत नाही, पण 'हे चुकीचं आहे' हे कळत होतं. मला तर घर म्हणजे असंच असतं असं वाटायचं. चुकीचं आहे हे कळायलाच निम्मं आयुष्य गेलं. तुमची क्षमा आपोआप आली, मागून घेतली नाही कुणी. माझी मागताहेत.

रानवाट

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं त्या बाजूनं लिहिते. मोठेपणी आमच्याकडे येणाऱ्यांत घरातच मार, अपमान किंवा लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं खूप असतात. यात पुरुषही आहेत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात दर तीन मुलांमागे दोघांना मार बसत होता आणि घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. म्हणजे पैलतीर यांचं घर जगावेगळं नव्हतं. प्रत्येक आळीत असं एखादं दार होतं.

उदबत्तीच्या वासानं पोटात गोळा येतो त्याला श्रद्धा कमी पडणं म्हणू नका. लहानपणी पुन्हापुन्हा भीती बसली की शरीर त्या वेळचे वास, आवाज, पावलांची चाहूल धरून ठेवतं आणि धोका संपल्यावरही तसंच सावध होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळच्या अशा आघातामुळे होणाऱ्या त्रासाला स्वतंत्र जागा दिली आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

साधनेबद्दल एक सांगायचं आहे, कारण इथे कुणी तरी 'ध्यानाला बसा' म्हणेलच. डोळे मिटून, स्तब्ध, एकट्यानं बसणं हे अशा माणसाला कधीकधी फार जड जातं. बाहेरचं बंद झालं की आतलं अंगावर येतं. धडधड वाढली, हातपाय गार पडले, आपण खोलीत नाहीच असं वाटलं तर ध्यान लागलं असं समजू नका, थांबा. डोळे उघडे ठेवून, मोठ्यानं म्हणत, चालत केलेली साधना पुष्कळांना सोसते. टाळ, टाळ्या, फुगडी, रिंगण यांत शरीर हलतं, श्वास लांबतो, शेजारी माणसं असतात. आपल्याकडची भजनाची रीत या बाबतीत फार शहाणी आहे असं माझं मत आहे. पैलतीर, उदबत्तीशिवाय पूजा होते. वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी, आजीच्या ओवीनं होते. वडिलांच्या पद्धतीचं काहीही ठेवायची गरज नाही.

सह्यवारा

रानवाट यांच्याशी सहमत. मी इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आहे. मला त्यातून पुष्कळ मिळालं. पण त्याआधी माझे उपचार झाले होते आणि माझ्या डॉक्टरांना विचारून मी गेलो होतो. मौन, पहाटे चारपासून दिवस, वाचन नाही, फोन नाही. ताजी जखम घेऊन तिथे धावत जाऊ नका. अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे लपवू नका. लपवून जाणारे पुष्कळ असतात, 'घेणार नाहीत' या भीतीनं.

एक गोष्ट मात्र मला पटली. सर्वांसाठी मंगल चिंतायची मैत्री-साधना तिथे शेवटी, दहाव्या दिवशी शिकवतात. पहिल्या दिवशी नाही.

वसईकर

आमच्यात दहा आज्ञांमध्येच 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' आहे. पप्पा दारू पिऊन आल्यावर जे करायचे ते मी इथे लिहू शकत नाही. मी मुलगा, त्यामुळे कुणाला सांगणं आणखी कठीण. तरुणपणी दर वेळी पापनिवेदनाला गेलो की मी एकच पाप सांगायचो, 'मी माझ्या बापाचा द्वेष करतो.' प्रायश्चित्त घ्यायचो आणि पुढच्या वेळी तेच.

एका म्हाताऱ्या फादरांनी एकदा थांबवून विचारलं, "तो तुझ्याशी काय करायचा?" तोवर कुणी विचारलं नव्हतं. सगळं ऐकून ते म्हणाले, हे तुझ्या पापात मोडत नाही, जे तुझ्याशी केलं गेलं त्याची कबुली तू देऊ नकोस. मग त्यांनी बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढून दिला. तिथे मुलांना आज्ञापालन सांगितल्यावर लगेच बापांनाही बजावलंय की मुलांना चिरडीला आणू नका. आणि २७वं स्तोत्र: आईबापांनी मला टाकलं तरी परमेश्वर मला जवळ करील. स्तोत्रांमध्ये देवाशी भांडणारी, ओरडणारी, शत्रूला शाप देणारी कितीतरी स्तोत्रं आहेत. त्यांतली बरीच देवळात म्हटली जातात. मी वर्षभर फक्त तीच म्हटली. माझ्या रागाला प्रार्थनेत जागा मिळाली तेव्हा तो मला आतून खायचा थांबला. गेला असं नाही म्हणणार.

पप्पा अजून आहेत. मी पैसे पाठवतो. भेटायला जात नाही. मिस्साला जातो.

माळकरी

वसईकर भाऊ, जनाबाईनं विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्या आहेत आणि आम्ही त्या अभंग म्हणून गातो. देवाला राग चालतो. माणसांनाच चालत नाही.

कोरांटी

माझा अनुभव कडू आहे, पण लिहिते कारण हा धागा वाचून कुणी तरी 'आध्यात्मिक उपचार' शोधायला निघेल.

मी घरी माझ्यावर नात्यातल्या माणसाकडून होणारा प्रकार सांगितला तेव्हा मला एका महाराजांकडे नेलं. त्यांनी बघून सांगितलं, पितृदोष आहे, मुलीला बाधा आहे, ती भ्रमात बोलते. दोषशांतीला पैसे गेले, अंगारा आला, आणि तो माणूस घरात तसाच येत-जात राहिला. माझं खरं बोलणं बाधा ठरलं. देवाधर्माच्या नावानं याहून मोठं नुकसान कुठलं असेल?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी आयुष्यभर झटले, त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाल्यावर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं, अंगी दैवी शक्ती असल्याचं भासवून लैंगिक शोषण करणं, हे त्याखाली गुन्हे आहेत. देवपूजेला, वारीला, कीर्तनाला त्यानं हात लावलेला नाही.

माझी खूण सोपी आहे. जो एकांतात बोलावतो, जो डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगतो, जो 'घरची गोष्ट घरात ठेव' म्हणतो, जो पैशाचा आकडा सांगतो, तिथून उठून यायचं. मग तो कितीही मोठा असो.

मी आता देव मानत नाही. तरी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर टेकडीवर जाते, कुणी बोलत नाही, सूर्य बुडेपर्यंत बसतो. याला कुणी अध्यात्म म्हटलं तर माझी हरकत नाही.

मोगरा

कोरांटी, तुमचं प्रत्येक वाक्य खरं मानून वाचलं.

मला इथे शिऊरच्या संत बहिणाबाईंची आठवण येते (१६२८ ते १७००, तुकोबांच्या शिष्या). लहानपणी लग्न, नवरा वयानं खूप मोठा. तिनं आत्मचरित्रपर अभंग लिहिले आणि त्यांत नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं, हे स्पष्ट सांगितलं. पुढे तिनं पतिसेवेचा धर्म स्वीकारला, त्यामुळे तिचं नाव घेऊन 'बघ, तिनंही सोसलं' म्हणणारे मला भेटले आहेत. मी तिच्याकडून दुसरं घेतलं. सतराव्या शतकात एका बाईनं घरातला मार देवापुढे लपवला नाही. नवऱ्याची लाज राखण्यासाठी खोटं लिहिलं नाही. साधनेत खरं बोलता येतं, ही परवानगी मला तिच्यामुळे मिळाली. मी वही केली आणि पांडुरंगाला पत्रं लिहायला लागले, आईनं काय काय केलं ते सगळं.

उंबरठा

मी दोन दिवस हा धागा वाचते आहे. क्षमेबद्दल माझं मत अजून तेच आहे, ती केल्यानं मला मिळालं ते मी नाकारू शकत नाही. पण ती दुसऱ्याला आज्ञा म्हणून सांगू नये, हे मान्य. आणि कोरांटी, त्या वेळी तुझ्या घरात एकही मोठं माणूस तुझ्या बाजूनं उभं राहिलं नाही याचं मला फार वाईट वाटतं, बाळ.

पैलतीर

सगळ्यांचे आभार. भावाशी काल बोलले. पहिल्यांदाच आम्ही दोघं त्या घराबद्दल मोकळं बोललो. तो म्हणाला, मी श्राद्ध प्रेमानं करत नाही, घाबरून करतो, नाही केलं तर ते रागावतील असं अजून वाटतं. मेलेल्या माणसाच्या रागाला तो भितो. त्याला हा धागा पाठवला आहे.

मी तिथीला गावी जाणार नाही. काकांना फोनवर सांगितलं, कारणही सांगितलं. ते चिडले. चिडू देत. तर्पणात सगळ्या पितरांना पाणी असतं, तर मी सर्वपित्री अमावस्येला आजीच्या नावानं पाणी सोडेन. वडिलांचं नाव घ्यायचं की नाही ते अजून ठरत नाही आणि आता ते ठरवायची घाई वाटत नाही. मंगळवारच्या भजनाला जायला सुरुवात केली आहे, मागे दाराजवळ बसते, उदबत्ती पुढे असते. तिथल्या काकूंना सांगितलं तर त्यांनी काही न विचारता खिडकी उघडली.

नवखा

मी पहिल्यांदाच लिहितोय. वय २६. अजून त्याच घरात राहतो. मारणं बंद झालंय पण बाकी सगळं चालू आहे. तुम्ही सगळे बाहेर पडलेले आहात. आत असताना काय करायचं? आणि बहिणीच्या बाबतीत लहानपणी जे झालं त्याला आता उशीर झाला का?

रानवाट

नवखा, लिहिलंत हे चांगलं केलंत.

बहिणीबद्दल आधी. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार पॉक्सो कायद्याखाली मोठेपणीही करता येते, त्याला कालमर्यादा नाही, हे केंद्रानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. तो कायदा नोव्हेंबर २०१२ पासूनचा आहे. घटना त्याआधीच्या असतील तर त्या वेळचे कायदे लागतात, म्हणून वकिलाला विचारा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त सुनांसाठी नाही, लेकीला आणि बहिणीलाही तो लागू आहे. त्यात शिवीगाळ आणि पैशाची कोंडीही येते. पण तक्रार करायची की नाही, कधी, हे ती ठरवेल. तुम्ही तिच्यासाठी ठरवू नका, तिच्याबरोबर राहा.

तुमच्यासाठी: १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. घरातून फोन करता येत नसेल तर कामाच्या ठिकाणाहून करा. पगार स्वतःच्या खात्यात, कागदपत्रांच्या प्रती घराबाहेर कुणाकडे तरी, आणि ज्याच्याकडे एक रात्र राहता येईल असा एक मित्र, एवढं या महिन्यात बघा. साधना, क्षमा, हे सगळं नंतर. आधी दार आतून लावता येईल अशी खोली.

माळकरी

नवखा भाऊ, कुठल्या जिल्ह्यातले आहात ते खासगी निरोपात कळवा. आमच्या दिंडीतली माणसं बहुतेक तालुक्यांत आहेत. राहायची सोय होते का बघतो.